वन्सं, बर्फाचे ट्रे अजून फ्रीजरमध्येच आहेत

वन्सं, या वर्षी थंडी पडली. नवस बोलल्यासारखी तुम्ही दर वर्षी जिची वाट बघायचात, ती खरीखुरी, हाडात शिरणारी थंडी. निफाडकडे गवतावरचं दव गोठलं, द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटल्या, पेपरवाले रोज पारा किती उतरला ते पहिल्या पानावर छापतायत. आणि तुम्ही मात्र तिची नुसती चाहूल लागली तेव्हाच निघून गेलात. घंटा होण्याआधी वर्गात जाऊन उभं राहायची तुमची सवय. तीही एकदा मोडली असती तर काय बिघडलं असतं?

'वन्सं' म्हटलेलं तुम्हाला आवडायचं नाही. "ताई म्हण, नाहीतर सरळ निर्मला म्हण. वन्सं ऐकलं की भावजयीला छळणारी नणंद झाल्यासारखं वाटतं," म्हणायचात. म्हणून तर मी मुद्दाम म्हणायचे. मी नामपूरची, कांद्याच्या चाळीत वाढलेली. तुम्ही कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या, लग्न न करता नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या फ्लॅटमध्ये पुस्तकांसोबत राहणाऱ्या. या दोघींचं जमायचं नाही, असं सगळे म्हणत होते. नाहीच जमलं. आयुष्यभर भांडलो. आता भांडायला कोणी नाही, तर घर इतकं शांत झालंय की मला शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात.

आपल्या दोघींची मोठी सहल एकच झाली, हिमाचलची. तुम्ही नुकत्याच निवृत्त झाला होतात. ह्यांनी यायला साफ नकार दिला. तुमचा भाऊ ओझरच्या विमानांच्या कारखान्यात धडधाकट आयुष्य काढून आला, पण घरातला फ्रीज उघडला तरी शिंकायचा. "तुम्ही दोघी जा आणि पोटभर भांडून या," म्हणाले. आपण त्यांचा शब्द पाळला. खिडकीवरून भांडलो, रजईवरून भांडलो, आणि सर्वांत जास्त त्या बेडकावरून.

ज्या घरात आपण उतरलो होतो तिथे सकाळी दार उघडलं तर समोर सफरचंदाची बाग. गुडघाभर बर्फात उभी, एका झाडावर एक पान नाही. मी म्हटलं, "अरेरे, सगळी बाग मेली की हो." तुम्ही इतक्या हसलात की घरची बाई हातातला तवा घेऊन बाहेर आली. आणि मग तुमचा तास सुरू झाला.

झाड वेडं नसतं, सुमन. दिवस लहान व्हायला लागले की त्याला पुढचं कळतं. ते आधी पानं टाकून देतं, कारण थंडीत पानं सांभाळणं परवडत नाही. मग पेशींमधलं पाणी बाहेर काढून ठेवतं आणि आतला रस साखरेने दाट करतं. तू पाक करून फ्रीजरमध्ये ठेवलास तर तो पाण्यासारखा गोठतो का? नाही ना, तसंच. आणि हे फांदीवरचे बारके फुगवटे बघ. आपले द्राक्षवाले ज्यांना डोळे म्हणतात ते. पुढच्या वर्षीची सगळी फुलं यांच्यात मिटून ठेवलेली असतात.

"मग ते उठतं कधी?" मी विचारलं.

"पुरेशी थंडी सोसून झाली की. मध्येच एखादा ऊबदार दिवस आला म्हणून फसत नाही. सोसायची तेवढी सोसल्याशिवाय त्याचा डोळा उघडत नाही."

त्या बाईच्या घराखालीच गाई बांधलेल्या होत्या, त्यांची ऊब वरच्या खोलीत यायची. समोरच्या डोंगरात अस्वल झोपलेलं आहे, हे तिने गालाखाली हात ठेवून आपल्याला खुणेने सांगितलं. तुम्हाला ते एवढं आवडलं की जेवताना तुम्हीही तसाच गालाखाली हात ठेवून तिला परत दाखवलंत. मग बेडूक निघाला. तिकडे कुठेतरी फार उत्तरेला म्हणे एक बेडूक असतो. हिवाळ्यात तो दगडासारखा गोठतो. श्वास बंद, हृदय बंद. वसंतात वितळतो, हृदय आपलं आपण सुरू होतं आणि पठ्ठ्या उडी मारून कामाला लागतो.

मी म्हटलं, "हृदय बंद पडलं म्हणजे मेला. आमच्या नामपुरात तरी त्याला मेलाच म्हणतात."

"मेला नाही. थांबला."

हे भांडण आपण नाशिकला घेऊन आलो आणि दर हिवाळ्यात पुरवून पुरवून खाल्लं. सोबत ते सफरचंदाचं रोपही आलं. उघड्या मुळांचं, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं, त्यावर माझी जुनी शाल. गाडीत एका बाईने विचारलं, "बाळ आहे का?" तुम्ही म्हणालात, "हो, झोपलंय." आपल्या अंगणात पूर्वेला, जिथे सकाळचं पहिलं ऊन पडतं, तिथे ते लावलं. हे रोज त्याला विचारायचे, "काय राव, करमतंय का नाशिकला?"

त्याला करमलं नाहीच. वाढलं, पानं आली, पण फूल कधी नाही. आपल्या गावची थंडी त्याला पुरत नाही, म्हणून त्याला धड झोप लागत नाही आणि धड जागही येत नाही, असं तुम्ही सांगायचात. डिसेंबर-जानेवारीतसुद्धा निम्मी पानं अंगावर तशीच.

दोन हिवाळे झाले आणि दिवाळीनंतर हे गेले.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. मी आतल्या खोलीत पडून होते एवढंच. येणारे जाणारे मला उपाय सांगत. हिला रडवा, हिला भजनी मंडळात घाला, मुलाकडे पुण्याला पाठवा, असं अंधारात पडू देऊ नका. तुम्ही एक बॅग घेऊन आलात, "आठ दिवस राहते" म्हणालात आणि परत गेलाच नाहीत. एकदा आत्तेसासूबाई फारच मागे लागल्या, तेव्हा तुमचा वर्गातला आवाज मी भिंतीपलीकडून ऐकला.

"तिला कोणी उठवायचं नाही. अस्वलाला भर थंडीत उठवलं तर साठवलेलं सगळं ते उठण्यातच जाळून टाकतं आणि वसंत यायच्या आत मरतं. ती मेलेली नाही. तिची ती उठेल."

मी आत पडल्या पडल्या म्हटलं, बघा, नवरा गेला आणि नणंद मला अस्वल म्हणते. त्या सबंध महिन्यात पहिल्यांदा माझ्या तोंडावर हसू आलं असेल, पण अंधार होता, कोणाला दिसलं नाही. मी ते ऐकलं होतं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. रोज सांगायला वेळ होता, म्हणून राहून गेलं.

मग तुमचं ते बर्फाचं खूळ सुरू झालं. एका सकाळी खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणालात, "सुमन, मी त्या झाडाच्या मुळाशी बर्फ घालणार आहे. बघू झोप लागते का त्याला. पण माझ्या गुडघ्यांना खेपा जमत नाहीत. फ्रीजमधले ट्रे तेवढे आणून दे, मग झोप परत." मी उठले, ट्रे नेऊन दिले, परत येऊन झोपले. दुसऱ्या दिवशी परत तेच. ट्रे तेवढे आण. तुम्ही मला कधी बस म्हणाला नाहीत. बुंध्याभोवती बर्फ मांडताना आपल्याशीच बोलायचात. तो बुलबुल बघ कसा चेंडू झालाय, पिसं फुगवून आत हवा धरून ठेवतो, त्याची रजई त्याच्या अंगावरच. पायरीवर ऊन असायचं. एक दिवस मी तिथे टेकले. कधी टेकले ते आठवत नाही, पण नंतर चहाही तिथेच यायला लागला.

घरातसुद्धा तुमचे नियम होते. थंडीच्या दिवसांत ह्यांचा फोटो पुसायचा तर भिंतीवरून काढायचा नाही, कारण त्याच्यामागे पाल झोपलेली असते. मला पालीची शिसारी. "तुमच्या भावाने जन्मभर एक झुरळ मारलं नाही, आता पाल पाळतायत," मी म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, "त्याला सोबत आहे. तू झोपलेली असतेस तेव्हा नको का त्याला कोणी?"

मी बरी झाले आणि लगेच तुमच्या बर्फावर उठले. पाहुणे आले की सरबताला बर्फ नाही, सगळा झाडाच्या मुळाशी. मोबाइलवर शोधून तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं, की थंडी फांद्यांवरच्या डोळ्यांना लागावी लागते, मुळांशी बर्फ घालून फूल येत नाही. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "वाच, वाच. आता मोबाइलवर पदवी मिळते म्हणे." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत, सुमन, ट्रे तेवढे आण. इतकी शिकलेली बाई, इतकी हट्टी कशी, याचं मला दर वर्षी नवल वाटायचं.

या वेळचा पहिला गारवा आला त्या संध्याकाळी तुम्ही ट्रे भरून फ्रीजरमध्ये ठेवलेत. रात्रीतून छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलच्या त्या खोलीत एवढं गार होतं की मी नर्सकडे दोनदा पांघरूण मागितलं. तुम्ही मला म्हणालात, "पाक कर गं, पाक." तिला वाटलं पेशंटला गोड हवंय. मला कळलं होतं, पण मी हसले नाही, ते आता सलतं. मग दुपारी त्या पडद्यावरची रेघ सरळ झाली. डॉक्टरांनी सांगितलं, पुण्याहून धावत आलेल्या आपल्या अभिजितने माझा खांदा धरला, आणि मी त्या पडद्याकडे बघतच राहिले. मी बेडकाची वाट बघत होते, वन्सं. इतकी वर्षं तुमच्याशी भांडून, त्या एका वेळी मी तुमच्या बाजूला आले होते. थांबल्यात, मेल्या नाहीत, आता सुरू होईल. नाही झालं.

दहाव्याला घाटावर धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. कावळे तारेवर बसले होते, सगळे चेंडू झालेले. अभिजितने पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरलो. कावळा काही खाली येईना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. तुमची पुस्तकं कॉलेजला देऊ, कोणीतरी म्हणालं. तुमच्या कामवालीच्या मुलीची फी भरू. कावळा ढिम्म. मग अभिजित पुढे झाला. "आत्या, आईला मी एकटी ठेवणार नाही. पुण्याला घेऊन जातो. तू काळजी करू नकोस." तेवढ्यात समोरच्या इमारतींवरून ऊन घाटावर उतरलं, तारेवरच्या एका कावळ्याने पिसं झटकली, आणि तो खाली येऊन पिंडाला शिवला.

मागे उभ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तुमचाच आवाज ऐकू येत होता, अरे, अंग तापल्याशिवाय पाखरू हलेल कसं? पण मी अभिजितचा चेहरा बघितला. तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात, असं त्याला वाटत होतं. त्या वेळी ऊन आणि कावळा काय सांगत बसू?

पण त्याचं पुढे काय झालं बघा. आता माझं पुण्याला जाणं ही तुमची शेवटची इच्छा आहे. अख्ख्या गोतावळ्याने ती पाहिली आहे. सूनबाईने माझ्यासाठी खोली तयार केली, चांगली पोरगी आहे, पडदेसुद्धा माझ्या आवडीचे लावले. अभिजित तर थांबतच नाही. हॉस्पिटलचे कागद, बँक, गॅस, तुमच्या फ्लॅटच्या चाव्या, सगळं फोन कानाला लावून. लहानपणी तुमच्या प्रयोगशाळेत बरण्यांतले बेडूक बघत बसणारा हा मुलगा, तुम्ही त्याला अर्धा वाढवलात, आणि त्याच्या डोळ्यांतून अजून एक टिपूस आलं नाही. घाटावरही नाही. मला त्याची काळजी वाटते आणि त्याला माझी.

आणि झाडाचं तर संपलंच, असं सगळे म्हणायला लागले. या थंडीत त्याने पहिल्यांदा सगळी पानं टाकली. नामपूरहून माझा भाऊ आला, बुंध्यावर हात ठेवून म्हणाला, "बाई, हाई झाड वाळी गयं. आते तोडी टाक." शेजारच्या म्हणाल्या, लावणारी गेली, तिच्यामागे झाडानेही मान टाकली. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

मागच्या आठवड्यात तुमचा विद्यार्थी विलास आला भेटायला, निफाडचा. आता द्राक्षबाग आहे त्याची. अंगाला शेकोटीच्या धुराचा वास. पहाटे बागेला पाणी सोडतो, धूर करतो, मणी तडकू नयेत म्हणून. अंगणात झाडापाशी उभा राहिला, तर मी आपली तुमची तक्रार केली. म्हटलं, तुमच्या मॅडमनी याला एवढी वर्षं बर्फ घातला, पण ऐकतील तर शपथ.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मुळाला बर्फ? मॅडमनी? नाय हो काकू. थंडी डोळ्याला लागाया पायजे, मुळाला देऊन काय व्हतंय? हे मॅडमनीच शिकवलंय आम्हाला. मी पेपरात मुळाला लिहिलं व्हतं, तर अख्ख्या वर्गासमोर उभं केलं मला. लय कडक व्हत्या." मग त्याने नखाने फांदीची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं. "हे तर जित्तं हाय. यंदा झोपलंय नीट."

तो गेल्यावर मी पायरीवर बसले. रोप लावून दोन हिवाळे गेले होते, तेव्हा तुम्ही त्याला एकदाही बर्फ घातला नव्हतात. बर्फ सुरू झाला तो हे गेल्यानंतर. आणि तुमचे गुडघे, वन्सं? त्याच महिन्यात तुम्ही जिना चढून गच्चीत पापड वाळत घालत होतात. ट्रे तेवढे आण. सकाळचं पहिलं ऊन जिथे पडतं, तिथे. रोज.

इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचंत. मी मोबाइल घेऊन तुम्हाला तुमचाच धडा वाचून दाखवत होते आणि तुम्ही ऐकून घेत होतात. मला तुमचा राग आला, खूप आला. मग रडू आलं, ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. मला तुमची फार आठवण येते. आता मी पुन्हा त्या अंधाऱ्या खोलीत जाणार आहे, हे मला दिसतंय, आणि या वेळी दारात उभं राहून "कोणी उठवायचं नाही" म्हणणारं कोणी नाही. पुण्याच्या खोलीत तर सगळे मला प्रेमाने रोज उठवतील.

काल रविवार होता. अभिजित गाडी घेऊन आला, रिकामी खोकी घेऊन, फोन कानालाच. "आई, जड सामान नंतर. आज कपडे आणि औषधं घे." मी पायरीवर बसले होते. त्याला म्हटलं, "आत्याने भरून ठेवलेले बर्फाचे ट्रे अजून फ्रीजरमध्ये आहेत. ते तेवढे आण."

"आत्ता?"

"आत्ता."

फोन खिशात घालून तो गेला आणि दोन्ही हातांत ट्रे घेऊन आला. "आई, याने काही होत नसतं गं. आत्यानेच मला सांगितलं होतं."

"मला माहीत आहे. बुंध्याभोवती मांड."

तो उकिडवा बसला. ट्रे पिळला, एकेक तुकडा मातीवर ठेवायला लागला. तुम्ही नळाखाली धरून भरलेलं ते पाणी. चौथा की पाचवा तुकडा त्याच्या हातात तसाच राहिला. हात लाल झाले, पण तो काही टाकेना. मग त्याने ते गार, ओले हात तोंडावर धरले आणि तो रडला, लहानपणी रडायचा तसा, खांदे हलवत. मी जवळ गेले नाही. रडू नकोस म्हणाले नाही. ऊन होतं, मी तिथेच बसून राहिले.

बऱ्याच वेळाने तो माझ्या शेजारी येऊन टेकला. "पण मी तिला शब्द दिलाय, आई. कावळा शिवला."

"ऊन आलं म्हणून शिवला. तुझ्या आत्याला विचारलं असतंस तर तिनेच सांगितलं असतं."

तो रडता रडता हसला. मी म्हटलं, "मला इथेच राहू दे. थंडी सरेपर्यंत कोणी काही करू नका. माझी मी उठेन. मग पुण्याला यायचं का ते बोलू." तो झाडाकडे बघत बसला. बर्फाचं पाणी होऊन मातीत जिरत होतं.

मग तो उठला, रिकामे ट्रे गोळा केले आणि आत गेला. खोकी तशीच गाडीत होती. स्वयंपाकघरात नळ सुटल्याचा आवाज आला, आणि तिथूनच त्याने विचारलं, "आई, हे उद्यासाठी भरून ठेवू ना?"

भरून ठेव, म्हटलं.